उताऱ्याचा उतारा

“फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने ताटलीत संस्कृती वाढवली होती. तो सुट्टीवरून आला तेव्हा संस्कृतीवर साचा पडला होता. साच्याशेजारच्या कॉलन्या विरघळल्या होत्या.”

अकरावी सायन्सच्या एका मुलीने मला हे वहीत लिहून दिलं, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. मूळ इंग्रजी उतारा पेनिसिलिनवर होता. मी आधी हसले. मग पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तिने यातला एकही शब्द मनाने लिहिलेला नाही. प्लेट म्हणजे ताटली, कल्चर म्हणजे संस्कृती, मोल्ड म्हणजे साचा. मोबाइलमधल्या डिक्शनरीने पहिला जो अर्थ दाखवला तो तिने इमानदारीने जागच्या जागी नेऊन ठेवला होता. ‘कॉलनी’, म्हणजे इथे जंतूंचा पुंजका, मात्र तिने शोधलाच नव्हता. कॉलनी कोणाला माहीत नसते? तालुक्याला शिक्षक कॉलनी आहे, टेलिफोन कॉलनी आहे.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. विज्ञान आणि शोधांवरच्या उताऱ्यांतून इंग्रजी शब्द पक्के करून घेण्याचा प्रयोग मी या एका मुलीबरोबर वर्षभर केला. त्यात काय जमलं आणि मी कुठे चुकले, ते इथे मांडते आहे. एका मुलीवरून नियम काढता येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मराठी माध्यमातून सायन्सला येणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांना यात ओळखीचं बरंच काही सापडेल.

मुलगी करमाळा तालुक्यातल्या, उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका गावची. वडिलांची पिठाची गिरणी, शिवाय साडेतीन एकर रान. निम्म्यात ऊस, निम्म्यात केळी. घरात तिला सगळे ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. पहिली ते दहावी मराठी माध्यम, सेमीसुद्धा नाही. दहावीला शाळेत पहिली आली, सायन्सला प्रवेश घेतला, आणि एका उन्हाळ्यात सगळी पुस्तकं इंग्रजी झाली. पहिल्या चाचणीत बायोला पंचवीसपैकी सहा.

वडील तिला घेऊन घरी आले. “मॅडम, पोरगी हुशार हाय हो. पण पेपर हातात आला की तिला काय सुचंनाच झालंय.”

ती खाली मान घालून बसली होती. बराच वेळाने म्हणाली, “मॅडम, उत्तर येतंय मला. प्रश्नच कळत नाही.”

पहिले तीन आठवडे

हे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले. मी तेच केलं जे माझ्या शिक्षकांनी माझ्याबरोबर केलं होतं: रोज वीस शब्द, समोर मराठी अर्थ, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. ताईचं पाठांतर दांडगं. वीसपैकी वीस यायचे. चौथ्या आठवड्यात मी तिच्याच बायोच्या पुस्तकातला एक परिच्छेद पुढे ठेवला. त्यात ती यादीतल्या सात शब्दांना भेटली आणि एकालाही तिने ओळखलं नाही. ‘अबंडंट’ म्हणजे विपुल, हे तिला पाठ होतं. ‘विपुल’ हा शब्द तिने स्वतः आयुष्यात कधी वापरलेला नव्हता. तिच्या घरी माल ‘मायंदाळ’ असतो. मी तिला एका अनोळखी शब्दाच्या बदल्यात दुसरा अनोळखी शब्द दिला होता, आणि शाबासकीही.

मग यादी बंद केली आणि उतारे सुरू केले. बाजारातल्या गाइडमधले उतारे मला मिळमिळीत वाटले. त्यांत शास्त्रज्ञ गरीब घरात जन्मतो, मेहनत करतो आणि महान होतो. यंत्र कसं चाललं, काय अडलं, हे त्यात नसतंच. म्हणून मीच अडीचशे-तीनशे शब्दांचे उतारे लिहायला घेतले. एक उतारा एक आठवडा. नियम तीनच होते. पहिल्या वाचनाला मोबाइल लांब. हातात पेन्सिल. जो शब्द अजिबात माहीत नाही त्याखाली सरळ रेघ, आणि जो माहीत आहे पण इथे बसत नाही त्याखाली लाट, म्हणजे वाकडीतिकडी रेघ.

वर दिलेलं ताटलीतल्या संस्कृतीचं भाषांतर यातल्याच एका उताऱ्याचं. तिने ‘स्टॅफिलोकोकस’खाली सरळ रेघ ओढली होती, ‘डिझॉल्व्ह’खाली ओढली होती, आणखी दहाएक शब्दांखाली ओढली होती. लाट एकही नव्हती.

मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली खरी गोम इथेच आहे. अवघड शब्द मुलांना अडवतात, पण अडवल्याचं त्यांना कळतं तरी. ‘स्टॅफिलोकोकस’ समोर आला की मूल थांबतं, विचारतं. ‘प्लेट’, ‘कल्चर’, ‘वर्क’, ‘मीडियम’, ‘सोल्यूशन’, ‘चार्ज’ हे शब्द थांबवत नाहीत. ते ओळखीच्या चेहऱ्याने येतात आणि वाक्य भलत्याच गावाला नेऊन सोडतात.

कल्चर

मी विचारलं, “केळीची रोपं कुठून आणता?”

“टिश्यूची आणतो. लॅबमधून.”

“टिश्यू म्हणजे?”

“टिश्यू कल्चर.” ती क्षणभर थांबली. “आँ? तेच कल्चर?”

तेच. आमच्या भागात निरक्षर माणूससुद्धा ‘टिश्यूची केळी’ म्हणतो. हा शब्द तिच्या घरात, बांधावर, खताच्या दुकानात रोज वापरात होता. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिने ‘ऊती संवर्धन’ शिकलं होतं. आणि इंग्रजीच्या निबंधात ‘अवर इंडियन कल्चर’ लिहिलं होतं. तीन कप्पे, तिन्हींना कुलूप, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीही तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

‘कल्चर’च्या मुळाशी लॅटिनमधलं जे क्रियापद आहे त्याचा अर्थ जमीन कसणे. ‘ॲग्रिकल्चर’ त्यातूनच आलं, ‘कल्टिव्हेट’ त्यातून, आणि ‘कॉलनी’सुद्धा त्यातूनच: जिथे जाऊन माणसं जमीन कसायला लागली ती जागा. म्हणजे काचेच्या बशीत खुराक घालून जंतू वाढवणं ही एक शेतीच. आई विरजण लावते तीही. विरजणाला इंग्रजीत ‘कल्चर’ म्हणतात हे सांगितल्यावर ताई हसली आणि म्हणाली, “मग फ्लेमिंगचं विरजण नासलं म्हणा की.”

मला तिचं हे वाक्य माझ्या उताऱ्यापेक्षा चांगलं वाटलं. झालं होतं तेच. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात फ्लेमिंगने जंतू वाढवलेल्या बशा ठेवल्या, सुट्टीवर गेला, सप्टेंबर १९२८ मध्ये परत आला, तर एका बशीत बुरशी आली होती आणि बुरशीच्या भोवतालचे जंतू नाहीसे होत चालले होते. ‘मोल्ड’चे दोन अर्थ आहेत, साचा आणि बुरशी, आणि डिक्शनरीत साचा आधी येतो. संदर्भाने अर्थ निवडायचा हे आपण मुलांना सांगतो. पण संदर्भ कळायला आजूबाजूचे शब्द कळावे लागतात, आणि इथे आजूबाजूचे तिन्ही शब्द फितूर झाले होते.

पुढे ही बुरशी वाढवलेल्या पाण्याला फ्लेमिंग सुरुवातीला नुसतं ‘मोल्ड ज्यूस’ म्हणायचा. बुरशीचा रस! ताईला हे फार आवडलं. बुरशीचं शास्त्रीय नाव पेनिसिलियम, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती छोट्या कुंचल्यासारखी दिसते, आणि कुंचल्याला लॅटिनमध्ये ‘पेनिसिलस’. तिच्या हातातल्या ‘पेन्सिल’चं नावही त्या कुंचल्यावरूनच आलं. (पेन मात्र या घरातला नव्हे. तो पिसाच्या ‘पेना’ या शब्दावरून आला.) हे परीक्षेला येत नाही. पण त्या दिवसानंतर पेनिसिलियमचं स्पेलिंग तिने कधी चुकवलं नाही.

शोध

उताऱ्याखालच्या प्रश्नाला तिने लिहिलेलं उत्तर: फ्लेमिंग इन्व्हेंटेड पेनिसिलिन.

ही चूक मी वीस वर्षं लाल करत आले आहे आणि दर वर्षी पन्नास मुलं ती करतात. या वेळी पहिल्यांदा मी विचार केला की ती का होते. मराठीत कोलंबस अमेरिकेचा शोध लावतो, एडिसन दिव्याचा शोध लावतो, पोलीस चोराचा शोध लावतात, आणि आई हरवलेल्या चमच्याचा शोध घेते. चौघांना एकच शब्द पुरतो. हिंदीवाल्यांनी ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ असे दोन वेगळे ठेवले. आपल्याकडे आविष्कार कलेचा असतो, तोही संमेलनाच्या पत्रिकेत. त्यामुळे ‘डिस्कव्हर’ आणि ‘इन्व्हेंट’मधली भिंत मराठी मुलाच्या डोक्यात मुळात नसतेच.

पण मराठीत दुसरी एक सोय आहे: शोध ‘लागला’ आणि शोध ‘लावला’. मी ताईला म्हटलं, जे आधीपासून होतंच, ते फक्त आपल्याला सापडलं, तिथे मनात ‘सापडलं’ घालून बघ. जे नव्हतंच, कोणी तरी बसून केलं, तिथे ‘तयार केलं’ घालून बघ. बुरशीतलं औषध सापडलं. वाफेच्या इंजिनातला कंडेन्सर तयार केला. ही कसोटी दर वेळी चालते असं नाही. काचेच्या बशीत वेळेवर बुरशी उगवणं हे सापडणं, पण पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी त्या रसातून औषध वेगळं काढलं, त्याला काय म्हणायचं? ताईने विचारलं. आम्ही ‘डेव्हलप’ आणि ‘प्युरिफाय’ हे दोन शब्द तिथे बसवले. १९४५ चं नोबेल फ्लेमिंगबरोबर फ्लोरी आणि चेन यांना मिळालं, हीटलीला नाही. तिचं मत पडलं की अन्याय झाला. ते तिने इंग्रजीत लिहिलं, तीन ओळी, त्यांत क्रियापदाच्या दोन चुका. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

गिरणीतला पोलीस

दुसऱ्या महिन्यात मी आणखी एक अट घातली. उतारा समजला का, हे मला सांगायचं नाही. घरी मराठीत सांगायचा, ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसाला. ताई संध्याकाळी गिरणीवर बसते, म्हणून ऐकणारे आयते होते: दळणाला आलेल्या बाया.

पेनिसिलिनचा दुसरा उतारा ऑक्सफर्डच्या पोलिसावर होता. अल्बर्ट अलेक्झांडर. जंतुसंसर्ग चेहऱ्यापासून पसरत गेलेला. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. ताप उतरला, तो जेवायला लागला. पण औषधाचा साठाच एवढासा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते. तरी साठा संपला. आजार उलटला आणि मार्चमध्ये तो वारला.

या उताऱ्यात मी ‘रिकव्हर’ मुद्दाम दोनदा वापरला होता: रोगी रिकव्हर व्हायला लागला, आणि पेनिसिलिन लघवीतून रिकव्हर केलं. ताईच्या पहिल्या वाचनात पेनिसिलिनला लघवीतून बरं वाटायला लागलं. पण या खेपेला तिने शब्दाखाली लाट ओढली होती! पहिली लाट. बाजूला लिहिलं होतं, “औषध कसं बरं होईल?”

मी तिला काही सांगितलं नाही. म्हटलं, हा शब्द घरी विचार. वडिलांनी लगेच सांगितलं: “रिकव्हरी म्हणजे उतारा. कारखान्याची रिकव्हरी अकरा टक्के म्हणजे शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली.” आणि पतसंस्थेत काम करणारा चुलता म्हणाला, “रिकव्हरी म्हणजे वसुली.” दोघांचं बरोबर. गेलेलं परत मिळवणं. उसातून साखर, कर्जदाराकडून पैसे, लघवीतून औषध, दुखण्यातून प्रकृती.

त्या आठवड्यात गिरणीत तिने पोलिसाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगत होती की एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन थांबली होती, दळण झालं तरी गेली नाही. शेवट ऐकून म्हणाली, “म्हंजी अवशीद लागू पडलं हुतं, पर पुरलं न्हाई?”

“मॅडम, ‘यील्ड’ मला तेव्हा कळलं,” ताई म्हणाली.

उताऱ्यात वाक्य होतं, ‘द यील्ड वॉज टू स्मॉल.’ तिने यील्डचा अर्थ ‘उत्पन्न’ असा वहीत लिहून ठेवला होता, आणि उत्पन्न म्हणजे तिच्या डोक्यात तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. म्हातारीच्या ‘पुरलं न्हाई’ने तो शब्द जमिनीवर आला. यील्ड म्हणजे एकरी काय पडतं ते. इथे एकराऐवजी बशी, आणि बशीत पडत होतं अगदी कणभर. ऑक्सफर्डवाल्यांनी बेडपॅनसुद्धा बुरशी वाढवायला वापरले होते, ते जास्त रान मिळावं म्हणूनच की.

आपल्या भाषेत या सगळ्यालाच ‘उतारा’ म्हणतात, ही गंमत आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आली. एकरी उतारा, साखर उतारा, सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, आणि मी दर सोमवारी देते तो उतारा. एका मराठी शब्दाला पाच अर्थ आहेत आणि ताई कधी गोंधळत नाही. “मग इंग्रजीने काय घोडं मारलंय?” असं मी म्हटलं, आणि त्यानंतर तिची एक तक्रार कायमची बंद झाली, की एका शब्दाला इतके अर्थ का.

पुढच्या आठवड्याचा उतारा यील्ड वाढल्याचा होता. १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याचा स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला खुराक म्हणून घातलं आणि उतारा कितीतरी वाढला. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर याहून जोमदार वाण सापडलं. वाण म्हणजे ‘स्ट्रेन’. ताईला वाणाचं महत्त्व मी काय सांगणार, केळीचं कोणतं वाण किती घड देतं ते ती मला सांगते. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठीच. तिचा मामा पिंपरीत राहतो. एच. ए. कॉलनी तिला माहीत होती, एच. ए. म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बुरशीच्या कॉलन्यांपायी माणसांची कॉलनी वसली, हे तिने मामाला फोन करून सांगितलं.

फिजिक्समध्ये तारेच्या ताणाचा धडा आला आणि तिथे ‘यील्ड पॉइंट’ निघाला, तेव्हा मात्र ती वैतागून आली. तार पीक देते का? जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ देणे, चुकते करणे. रान धान्य देतं तेही यील्ड, आणि ताण सोसवेना म्हणून तार वाट देते तेही यील्ड. मी हे सांगितलं. तिला पटायला दोन दिवस लागले.

साडेसात एच. पी.

जेम्स वॉटचा उतारा मी खास गिरणीसाठी लिहिला. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासून चालत होतं. ग्लासगो विद्यापीठातला त्याचा एक नमुना १७६३-६४ च्या सुमारास वॉटकडे दुरुस्तीला आला. त्यात दर फेऱ्याला सिलिंडर गार करून वाफेचं पाणी करावं लागे, मग पुन्हा तापवा. निम्मा कोळसा सिलिंडर तापवण्यातच जाणार की! वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, सिलिंडर गरमच ठेवला. १७६९ मध्ये पेटंट घेतलं. त्या वेगळ्या भांड्याचं नाव कंडेन्सर.

ताईने हे घरी सांगितलं आणि वडिलांनी तिला मध्येच थांबवलं. “त्या टायमाला लाईट हुती का?”

आमच्याकडे कंडेन्सर म्हणजे दोन फेजवर विहिरीची मोटार चालवायला लावतात तो गोल डबा. तो जळला की रात्री-अपरात्री तालुक्याला पळावं लागतं. वाफेच्या इंजिनात तो कसा काय? प्रश्न इतका रास्त होता की मला स्वतःला पुस्तकं काढावी लागली. विजेच्या त्या उपकरणाला व्होल्टाने १७८२ मध्ये जे इटालियन नाव दिलं त्याचा अर्थ ‘दाट करणारा’. वीज दाटवणारा तो कंडेन्सर, वाफ दाटवून पाणी करणारा तोही कंडेन्सर. आज फिजिक्सचं पुस्तक विजेच्या डब्याला ‘कपॅसिटर’ म्हणतं, पण वायरमनच्या तोंडात जुनाच शब्द राहिला. म्हणजे वडील चुकीचं बोलत नव्हते, जुनं बोलत होते. ताईला हे ऐकून बरं वाटलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. शिकलेल्या मुलीला बापाच्या इंग्रजीची लाज वाटायला लागते ते वय आहे तिचं.

त्या घरात इंग्रजी शब्द किती होते, ते मग आम्ही एकदा गिरणीतच बसून लिहून काढलं. लोड, फेज, बेरिंग, शाफ्ट, पुली, बेल्ट, ग्रीस, फ्यूज, स्टार्टर, व्होल्टेज. यातले निम्मे शब्द तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात होते. मोटारीवरच्या पत्र्यावर लिहिलं होतं ७.५ एच. पी. घोडा कुठून आला? वॉटला इंजिनं विकायची होती, आणि गिऱ्हाइकांकडे जाती फिरवायला घोडे होते. आमचं इंजिन किती घोड्यांचं काम करेल, हे सांगितल्याशिवाय माल खपणार नव्हता. म्हणून त्याने एका घोड्याचं काम ठरवलं, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. पुढे शक्तीच्या एककालाच वॉटचं नाव पडलं, आणि एक एच. पी. म्हणजे सुमारे ७४६ वॉट. ताईने भिंतीवर, दळणाच्या उधारीशेजारी खडूने गुणाकार केला: ७.५ गुणिले ७४६ बरोबर ५५९५. साडेपाच किलोवॉटच्या वर. वडिलांनी वीजबिल मागवलं.

‘पॉवर’, ‘वर्क’ आणि ‘एनर्जी’ यांतला गोंधळ त्या भिंतीवर मिटला. मी इंग्रजीची शिक्षिका, फिजिक्समध्ये लुडबुड करायचा मला अधिकार नाही, पण मराठीतले शक्ती, कार्य आणि ऊर्जा तिच्या डोक्यात आधीच चोख होते. इंग्रजी नावं फक्त त्यांना जोडायची होती. मराठी माध्यमाचं मूल कोरं येतं असं समजून आपण त्याला पहिल्यापासून शिकवायला लागतो, ते मला आता चूक वाटतं.

जेन्नरच्या देवीच्या लशीचा उताराही झाला. त्यातलं एकच सांगते. ‘इनॉक्युलेट’, म्हणजे लस टोचणे, या शब्दाने ताई घाबरली होती. आत ‘ऑक्युलस’ आहे, म्हणजे डोळा. लॅटिनमध्ये झाडाच्या फुटव्यालाही डोळाच म्हणत आणि एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसवणं म्हणजे इनॉक्युलेट. “डोळा भरणे!” ती जवळजवळ ओरडलीच. गुलाबाचा डोळा भरतात, उसाचं दोन डोळ्यांचं टिपरं लावतात. रोमच्या शेतकऱ्याला आणि करमाळ्याच्या शेतकऱ्याला फुटवा डोळ्यासारखाच दिसला. तिच्या आजीच्या दंडावर देवीचा वण आहे. मुंबईत पहिली लस १४ जून १८०२ ला एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली, हे तिने आजीला सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “लई रडली आसंल.”

जे जमलं नाही

सगळे शब्द असे गोष्ट घेऊन येत नाहीत. ‘व्हेअरअॅज’, ‘देअरबाय’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘अकाउंट फॉर’, ‘सब्जेक्टेड टू’, ‘निग्लिजिबल’. यांना ना शेत ना गिरणी. आणि प्रश्नपत्रिकेत मुलाला गाडतात ते हेच. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अभ्यासाच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली आहे. ‘डिराइव्ह’, ‘ऑकर’, ‘इन्व्हॉल्व्ह’, ‘सिग्निफिकंट’, ‘एव्हिडंट’ अशी. त्यातले शब्द मी प्रत्येक उताऱ्यात चार-पाच तरी पेरत गेले, आणि तोच शब्द तीन आठवड्यांनी दुसऱ्या विषयात परत आणला. ज्या ठिकाणी तो होता तिथे रिकामी जागा सोडून आठवायला लावला. हे काम रटाळ होतं, आमच्या दोघींनाही. चाललं ते बरं, पण घसरत घसरत. ‘अकाउंट फॉर’ म्हटलं की तिला आजही आधी बँकच आठवते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डिसेंबरपर्यंत ताईला लाटांचं वेड लागलं. कुठलाही शब्द आता भरवशाचा राहिला नव्हता. ‘टेबल’खाली लाट, ‘लीफ’खाली लाट. “याचा आणखी काही अर्थ असेल तर?” सहामाहीला बायोचा पेपर तिने इतका संशयाने वाचला की शेवटचे दोन प्रश्न राहिले. येत होते दोन्ही. मी तिला शब्दांवर शंका घ्यायला शिकवलं, पण शंका कधी सोडायची ते शिकवायचं विसरले. मग आम्ही लाटेवर रेशन लावलं: एका पानाला दोन. वाक्य सरळ अर्थाने चालत असेल तर पुढे जायचं, अडखळलं तरच मागे यायचं. वेळ लावून वाचायचा सराव सुरू केला तो जानेवारीत. तो पहिल्या महिन्यापासून हवा होता.

बोलणं अजून यथातथाच आहे. उच्चार तर विचारूच नका, ती ‘यील्ड’ला अजून ‘यिअल्ड’ म्हणते. वार्षिक परीक्षेत बायो चांगला सुटला, केमिस्ट्री बरी, फिजिक्सची गणितं जिथे होती तिथेच. गणितं अडतात ती इंग्रजीमुळे नाहीत, हे तरी त्यामुळे कळलं.

उन्हाळ्यात मी सोमवारचा उतारा बंद केला. आठवड्याभरात गिरणीवाल्यांचा फोन आला. मला वाटलं पोरीबद्दल काही असेल. “तसं काय नाय मॅडम,” ते म्हणाले, “बाया इचारत्यात, नवीन काय आलं का म्हनून.”

ताई आता बारावीला आहे. गेल्या आठवड्यात तिने बायोच्या एका पानाचा फोटो पाठवला. रोगजंतूंवरचा धडा. अख्ख्या पानात एकच लाट होती, ‘होस्ट’ या शब्दाखाली. समासात लिहिलं होतं, “यजमान? लग्नातला?”

मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तासाभराने तिचाच मेसेज आला. “मॅडम, शाळेत मराठीत ‘पोशिंदा’ होता ना, तो हाच का?”

मी लिहिलं, हाच.